इच्छा विचारण्याची वेळ

गोदाकाठी दशक्रियेची सकाळ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना एक दृश्य अपरिचित नाही. पिंड मांडलेला असतो, आप्तेष्ट हात जोडून थोडे दूर उभे असतात आणि सर्वांच्या नजरा कावळ्याकडे लागलेल्या असतात. कावळा लवकर शिवला नाही, की कुजबुज सुरू होते, ‘काहीतरी राहिले असेल मनात.’ मग घरातील कुणी कर्ता पुढे होतो आणि म्हणतो, धाकटीचे लग्न आम्ही नीट लावून देऊ. दुसरा कुणी म्हणतो, घराचे राहिलेले काम पुरे करू, काळजी करू नका. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याने ठरवावा. परंतु या प्रथेच्या मुळाशी असलेली जाणीव मोठी आहे. माणसाची इच्छा अपुरी राहू नये आणि ती पुरी करणे हे त्याच्या माणसांचे कर्तव्य आहे, ही ती जाणीव होय. प्रश्न एवढाच, की हे विचारण्यासाठी आपण दहाव्या दिवसाची वाट का पाहतो?

हा प्रश्न आज मांडण्याचे कारण रामकुंडापासून सात-आठ किलोमीटरवर असलेल्या सातपूरच्या वस्तीत सापडते. त्र्यंबक रस्त्यावरचे हे एकेकाळचे खेडे साठच्या दशकात औद्योगिक वसाहतीमुळे पालटले. धुळे, जळगाव, नंदुरबारपासून उत्तर प्रदेश-बिहारपर्यंतची कुटुंबे इथल्या कारखान्यांच्या भोंग्यावर आपले घड्याळ लावू लागली. अशाच एखाद्या ठेकेदारीवरील कामगाराचे घर डोळ्यांपुढे आणावे. सहा-सात वर्षांच्या मुलाला वारंवार ताप येतो, अंगावर निळसर डाग दिसतात, हिरड्यांतून रक्त येते. रक्ततपासणी होते आणि घरात आजवर कुणी न उच्चारलेला शब्द येतो, रक्ताचा कर्करोग. दुसऱ्याच आठवड्यात आई मुलाला घेऊन परळच्या टाटा रुग्णालयाच्या दारात उभी असते. बाप पाळीवर असतो, कारण खाडा झाला की मजुरी जाते आणि खाडे वाढले की कामच जाते. धाकटी मुलगी मामाकडे पाठविलेली असते. एका तपासणीच्या कागदाने एका घराची तीन घरे झालेली असतात.

या मुलाच्या रोजच्या आयुष्याचा विचार आपण क्वचितच करतो. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचे उपचार दोन ते तीन वर्षे चालतात. त्यात सलाइनवाटे दिली जाणारी औषधे आहेत, पाठीच्या मणक्यातून टोचले जाणारे इंजेक्शन आहे, चेहरा सुजविणाऱ्या गोळ्या आहेत. केस जातात. प्रतिकारशक्ती खालावल्यामुळे बाहेरचे खायचे नाही, गर्दीत जायचे नाही, मातीत खेळायचे नाही, शाळा नाही. सुई कधी टोचायची हे डॉक्टर ठरवितात, काय खायचे हे आई ठरविते, घरी कधी जायचे हे रक्तातील पेशींची संख्या ठरविते. ज्याच्या देहावर हे सारे चालले आहे, त्याच्या शब्दाला मात्र कुठेच जागा नसते. ‘नको’ म्हणण्याचा अधिकार गेलेला हा जीव हळूहळू ‘हवे’ म्हणणेही विसरतो. आजाराने होणाऱ्या हानीत या हानीची नोंद कोणत्याही अहवालात होत नाही.

गंभीर आजारी बालकांच्या इच्छा पूर्ण करणाऱ्या संस्थांचे महत्त्व इथे कळते. या कामाची सुरुवात अमेरिकेतील ॲरिझोना प्रांतात फिनिक्स शहरी झाली. ख्रिस ग्रेशियस या सात वर्षांच्या मुलाला रक्ताचा कर्करोग होता आणि मोठेपणी पोलीस व्हावे, ही त्याची एकच इच्छा होती. 29 एप्रिल 1980 रोजी तेथील पोलिसांनी त्याला हेलिकॉप्टरमधून फिरविले आणि मानद अधिकारी म्हणून त्याला शपथ दिली; त्याच्या मापाचा गणवेशही त्यांनी लगोलग शिवून दिला. अवघ्या चार दिवसांनी, 3 मे रोजी, तो गेला. त्या दिवसांत त्याच्या जवळ असलेल्या माणसांनी ‘मेक-अ-विश’ ही संस्था उभी केली आणि ती पुढे जगभर पसरली. भारतात ती आली मुंबईमार्गे. उदय आणि गीता जोशी या दाम्पत्याच्या आजारी मुलाची इच्छा अमेरिकेत या संस्थेने पूर्ण केली होती. तो अनुभव गाठीशी घेऊन त्यांनी 1996 मध्ये मुंबईत भारतीय शाखेची स्थापना केली. आपल्या वाट्याला आलेला आनंद आपल्यापाशीच ठेवायचा नाही, हा संस्कार त्यामागे होता, असे म्हणावे लागेल.

मार्च 2019 मध्ये मुंबईतील मुलुंड पोलीस ठाण्यात असाच एक सात वर्षांचा कर्करुग्ण मुलगा एक दिवसाचा निरीक्षक झाला. अंगात खाकी गणवेश, डोक्यावर टोपी, समोर सलाम करणारे अधिकारी. त्यापूर्वी, ऑक्टोबर 2014 मध्ये, हैदराबादेत दहा वर्षांचा एक आजारी मुलगा एक दिवस पोलीस आयुक्तांच्या खुर्चीवर बसला होता. फिनिक्स, हैदराबाद आणि मुलुंड या तीन गावांत भाषेचे, धर्माचे, सुबत्तेचे कोणतेच साम्य नाही. तरीही तिथल्या मुलांना पोलीसच व्हावेसे वाटले. ज्याला दिवसभर इतर सर्वजण आज्ञा करतात, त्याला एक दिवस तरी आज्ञा देणारा व्हावेसे वाटते, असा त्याचा अर्थ आम्ही लावतो.

या कामाची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. साधारणपणे तीन ते अठरा वर्षे वयाच्या, जिवावर बेतणाऱ्या आजाराशी झुंजणाऱ्या मुलांची माहिती रुग्णालयाकडून किंवा कुटुंबाकडून मिळते. उपचार करणाऱ्या डॉक्टरांची संमती घेतली जाते. मग कार्यकर्ते मुलाला भेटतात, चित्रे काढतात, खेळतात आणि गप्पांच्या ओघात त्याच्या मनातले काढून घेतात. काही हवे असते, कुठे जायचे असते, कुणाला भेटायचे असते किंवा काही व्हायचे असते, अशा चार वाटांनी ही इच्छा येते. यातील अवघड भाग खर्चाचा नसून ऐकण्याचा आहे. कारण विचारले, की मूल आधी आईकडे पाहते. घरातील ओढगस्त त्याला ठाऊक असते. आपल्यापायी बाबांनी गावाकडचे शेत गहाण टाकले, हे त्याने कुठेतरी ऐकलेले असते. म्हणून ते सांगते, ‘मला काही नको.’ या ‘काही नको’च्या आड दडलेले हवेपण शोधून काढणे, हे कार्यकर्त्याचे खरे कौशल्य होय.

या विषयाभोवती एक मोठा गैरसमज आहे. इच्छापूर्ती म्हणजे शेवटची इच्छा, अशी आपली समजूत आहे. त्यामुळे अशी संस्था दाराशी आली, की कित्येक आईबापांच्या पोटात गोळा उठतो. ‘म्हणजे आता आशा नाही का?’ वस्तुस्थिती तशी नाही. अशा मुलांपैकी पुष्कळजण बरी होतात, शिकतात, नोकरीला लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे 4 लाख मुलांना आणि किशोरांना कर्करोग होतो. संपन्न देशांत त्यांपैकी 80 टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात, तर अनेक गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत हे प्रमाण 30 टक्क्यांच्याही खाली राहते. 2030 पर्यंत जगभर किमान 60 टक्के मुले वाचावीत, असे उद्दिष्ट या संघटनेने 2018 मध्ये ठरविले. संपन्न देशातील मुलाचे रक्त आणि सातपूरच्या मुलाचे रक्त वेगळे नसते. वेळेवर निदान, पूर्ण उपचार आणि उपचारांच्या काळात टिकून राहण्याचे बळ, यांत हा फरक साठलेला आहे.

हे टिकून राहण्याचे बळ इच्छापूर्तीतून मिळते का, याचाही अभ्यास झाला आहे. अमेरिकेतील ओहायो प्रांतातील एका बालरुग्णालयाने इच्छा पूर्ण झालेली 496 मुले आणि तशाच आजाराची, पण इच्छा पूर्ण न झालेली 496 मुले यांची तुलना करून 2018 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. इच्छा पूर्ण झालेल्या मुलांत अचानक रुग्णालयात दाखल होण्याचे प्रसंग कमी होण्याची शक्यता अडीच पटींनी अधिक आढळली. एका अभ्यासावरून इच्छापूर्तीला औषध ठरविणे उतावीळपणाचे होईल आणि आम्ही तसे म्हणतही नाही. मात्र पुढच्या महिन्यात काहीतरी चांगले व्हायचे आहे, हे ठाऊक असलेले मूल आजचे इंजेक्शन अधिक धीराने घेते, हे समजण्यासाठी कोणत्याही माउलीला अभ्यासाची वाट पाहावी लागणार नाही.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. ज्या देशात उपचारांनाच पैसे पुरत नाहीत, तिथे सायकल, संगणक आणि विमानप्रवास यांवर दात्यांचा पैसा खर्चणे योग्य आहे का? हा आक्षेप हलका नाही. आपल्याकडे बालकर्करोगाशी चाललेल्या लढाईतील सर्वांत मोठ्या पराभवांपैकी एक औषधांच्या अपयशाने होत नाही. तो उपचार अर्ध्यावर सोडल्याने होतो. पहिल्या काही आठवड्यांत मूल हसू-खेळू लागते, आईबापांना वाटते बरे झाले. मुंबईतील भाड्याच्या खोलीचा खर्च परवडेनासा होतो, बापाची नोकरी डळमळते आणि कुटुंब गावी परतते. काही घरी कुणाच्या सांगण्यावरून रामबाण म्हणविणारा काढा किंवा अंगारा सुरू होतो आणि रुग्णालयाची तारीख चुकते. आपल्या परंपरेविषयी आदर बाळगणाऱ्यांनीच हे अधिक स्पष्टपणे सांगितले पाहिजे, की मुलाच्या कर्करोगाचे सुरू असलेले उपचार परस्पर थांबविणे हा त्या मुलावरचा अन्याय आहे. काही महिन्यांनी आजार उलटतो, तेव्हा तो पहिल्यापेक्षा बळकट झालेला असतो.

हा पराभव टाळता येतो, हेही मुंबईनेच दाखवून दिले आहे. टाटा रुग्णालयाच्या बालरोग विभागाने 2010 च्या सुमारास मुलांच्या औषधोपचाराबरोबर निवास, आहार, शिक्षण, समुपदेशन आणि पाठपुरावा यांची एकत्र व्यवस्था उभारण्यास आरंभ केला. त्यापूर्वी सुमारे 20 टक्के मुले उपचार अर्ध्यावर सोडत. ते प्रमाण पुढे 5 टक्क्यांच्याही खाली आले. 2006 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या सेंट ज्यूड चाइल्डकेअर सेंटर्सनी परगावच्या गरीब मुलांना आईबापांसह विनामूल्य राहण्याची सोय दिली आणि हे काम नंतर अनेक शहरांत नेले. त्याच्याही कितीतरी आधी, 1968 मध्ये, नाना पालकर स्मृती समितीने परळच्या परिसरात रुग्ण व त्यांच्या नातेवाइकांसाठी निवासाचे काम हाती घेतले. परक्या शहरात डोक्यावर छप्पर आणि पुढ्यात घरचे ताट, एवढ्याने किती उपचार पुरे झाले असतील, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही. शासनाच्या बाजूने पाहिले, तर 2012 मध्ये सुरू झालेली आणि पुढे महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाऊ लागलेली जनआरोग्य योजना कर्करोगाच्या अनेक उपचारांचा भार उचलते. 2023 मध्ये तिची व्याप्ती सर्व रहिवाशांपर्यंत वाढविण्याचा निर्णय झाला. सातपूरमध्ये कामगार विमा योजनेचे रुग्णालय आहे. सोयी आहेत, त्या कुठे आणि कशा मिळतात, हे वेळेवर सांगणारा माणूस मात्र अनेकदा नसतो.

म्हणून आक्षेपाला आमचे उत्तर असे आहे. उपचार आधी, याबद्दल दुमत नको. ज्या मुलाची औषधे पैशांवाचून थांबली आहेत, त्याच्या हाती खेळणे ठेवून आपण समाधान मानले, तर ती सेवा नव्हे, स्वतःची केलेली फसवणूक आहे. पण पोटभर अन्न मिळाल्याखेरीज माणसाला सणच साजरा करू देऊ नये, असे आपण कधी म्हणत नाही. झोपडीतही दिवाळीचा एक आकाशकंदील लागतो. आजारी मुलाचे बालपण उपचार संपेपर्यंत थांबून राहत नाही. ते त्याच दोन-तीन वर्षांत सरून जाते. औषध त्याचे उद्याचे दिवस वाचविण्यासाठी असते. त्याच्या आजच्या दिवसाकडेही कुणीतरी पाहिले पाहिजे.

ही कल्पना परदेशातून आली म्हणून तिच्याकडे संशयाने पाहण्याचे कारण नाही, तशीच ती आपल्याला सर्वस्वी नवी आहे, असे मानण्याचेही कारण नाही. गर्भवतीचे डोहाळे पुरविणारा हा समाज आहे. तिला अवेळी चिंच हवी असो, की नदीकाठी जाऊन बसायचे असो, ते पुरविणे सासर-माहेरच नव्हे, तर शेजारीपाजारीही आपले काम समजत. देह नाजूक अवस्थेत असताना मनाची इच्छा डावलू नये, हे आपल्या आज्यांना कुणी शिकविले नव्हते. ‘आजाऱ्याचे मन मोडू नये’ हे वाक्य आजही घरोघरी ऐकू येते. जे घरातील एका माणसापुरते आपण पिढ्यान् पिढ्या करीत आलो, ते ज्यांचे घरच विखुरले आहे त्यांच्यासाठी समाजाने करायचे, इतकाच या कामाचा विस्तार आहे. पाश्चात्त्यांकडून घेण्यासारखी गोष्ट आहे ती शिस्तीची. नोंद, डॉक्टरांची संमती, ठरलेली तारीख आणि दिलेला शब्द पाळणे, या बाबतीत आपली आत्मीयता बरेचदा ढिली पडते.

आणखी एका बाबतीत आपण सावध राहिले पाहिजे. दानाचे प्रदर्शन ही अलीकडे आपल्या सार्वजनिक जीवनाला जडलेली व्याधी आहे. पाच वह्या वाटायच्या आणि पंधरा फूट फलक लावायचा, असा प्रकार आपण गल्लोगल्ली पाहतो. हीच वृत्ती आजारी मुलाच्या खाटेपर्यंत पोहोचली, तर अनर्थ होईल. केस गेलेल्या, चेहरा सुजलेल्या मुलाला हारतुऱ्यांच्या घोळक्यात उभे करून छायाचित्र काढायचे आणि ते सर्वत्र पसरवायचे, यात त्याच्या इच्छेचा मान कुठे राहिला? उद्या ते मूल बरे होईल, शाळेत जाईल, लग्नाच्या वयाचे होईल, तेव्हाही ते छायाचित्र कुठेतरी असेलच. ‘उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये’ ही गुप्तदानाची मर्यादा इथे अक्षरशः पाळली गेली पाहिजे. हैदराबाद, मुलुंडसारख्या प्रसंगांच्या बातम्या होतात, त्यातून लोकांना या कामाची ओळख होते, हे खरे. तथापि मुलाची आणि पालकांची मनापासून संमती असेल तरच, आणि तीही मदतीची अट म्हणून नव्हे, हा नियम असावा.

मग सातपूरसारख्या ठिकाणी सामान्य कुटुंबाने, कार्यकर्त्याने काय करावे? मोठी संस्था स्थापन करण्याची आवश्यकता नाही. आपल्या गल्लीत, आपल्या कारखान्यात, आपल्या मुलांच्या शाळेत असे एखादे घर आहे का, हे पाहण्यापासून आरंभ करता येईल. कर्करोगाच्या रुग्णाला आणि सोबत्याला रेल्वेभाड्यात सवलत मिळते, ती कशी मिळवायची हे समजावून कागद भरून देणारा एकजण हवा. नाशिक रोडहून पंचवटी एक्स्प्रेसने आईबरोबर जाणारा, दादरला उतरून परळपर्यंत सोबत करणारा एकजण हवा. रक्त आणि रक्तबिंबिका यांची गरज एकदा लागून संपत नाही; जनकल्याण रक्तपेढीसारख्या ठिकाणी नियमाने रक्तदान करणाऱ्यांची यादी वस्तीत तयार असावी. पाळी बदलून देणारा सहकारी आणि खाडा समजून घेणारा मालक यांची मदत रोख देणगीहून कमी मोलाची नाही. मामाकडे पाठविलेल्या त्या धाकटीच्या अभ्यासाकडे, वाढदिवसाकडे कुणी पाहायचे, हाही प्रश्न आहे. आजारी भावंडाच्या सावलीत निरोगी मुले एकाकी होतात आणि ते बोलूनही दाखवीत नाहीत. कर्करोग संसर्गजन्य नाही, हे शेजाऱ्यांना पटवून देणे आणि बरे होऊन परतलेल्या मुलाला वर्गात पहिल्यासारखे बसू देणे, हे शिक्षकांचे काम आहे.

एवढे करीत असताना, ओळख वाढल्यावर, एक दिवस त्या मुलाजवळ बसून विचारावे, ‘तुला काय हवे आहे?’ आईबापांना आधी कल्पना द्यावी, डॉक्टरांना विचारावे. परंतु उत्तर मुलाचेच असू द्यावे. आपल्याला जे उचित वाटते ते त्याच्या तोंडी घालू नये. त्याने रामायणाची गोष्ट मागितली तर ती सांगावी आणि क्रिकेटची बॅट मागितली तर बॅटच आणावी. जे देणे शक्य नाही, त्याचे आश्वासन देऊ नये. जे शक्य आहे, ते लांबणीवर टाकू नये, कारण या कामात पुढच्या महिन्याची तारीख कुणाच्याही हाती नसते. इच्छा आपल्या आवाक्याबाहेरची असेल, तर ती पूर्ण करणाऱ्या संस्थेपर्यंत पोहोचवावी. आणि ती पूर्ण झाल्यावर जाणेयेणे थांबवू नये.

सर्वच मुले वाचतील, असे नाही. ज्यांचा आजार उपचारांना दाद देत नाही, त्यांच्या वेदना शमविणे आणि त्यांना घरच्या माणसांत ठेवणे हे वैद्यकशास्त्राचे आणि समाजाचे समान कर्तव्य आहे. अशा वेळी काही मुले फार थोडे मागतात. बाबांनी एक दिवस कामावर जाऊ नये. बहीण मामाकडून परत यावी. सगळ्यांनी मिळून जेवावे. यातील एकाही इच्छेला पैसा लागत नाही. बाबांच्या जागी पाळी करायला तयार असलेला एक शेजारी लागतो.

रामकुंडावर आपण पुढेही जाऊ, हात जोडून उभे राहू आणि गेलेल्यांना वचने देऊ. ती परंपरा आपली आहे. पण त्र्यंबक रस्त्यालगतच्या एखाद्या खोलीत या क्षणी एक मूल खिडकीतून बाहेर खेळणाऱ्या मुलांकडे पाहत बसले असेल. त्याच्या मनात काय राहिले आहे, हे कावळ्याला विचारण्याची गरज नाही. ते स्वतःच सांगू शकते. त्यासाठी कुणीतरी त्या खोलीत जाऊन, त्याच्या उंचीला बसून, विचारले पाहिजे.